ओढ्याच्या अल्याड, ओढ्याच्या पल्याड

आमच्या घरात पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नसे. वाणी वरच्या अंगाला, शिंपी खालच्या अंगाला, पिठाची गिरणी पल्याड आणि शाळा अल्याड. किल्ली ओढ्याकडच्या खिडकीत, अडकित्ता डोंगराकडच्या कोनाड्यात. नवी काकू घरात आली तेव्हा आजीने तिला सांगितलं, "मिठाची बरणी ओढ्याकडच्या फळीवर आहे गं," आणि ती बिचारी पदर खोचून मागच्या दाराने ओढा शोधायला निघाली. महिन्याभरात तीही माहेरच्यांना पत्ता सांगताना 'बसमधून उतरलात की खालच्या अंगाला चालत या' असं सांगू लागली. माहेरचे दोनदा चुकले, पण काकू आमची झाली.

हा ओढा म्हणजे पुण्याचा आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम, मग धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल, दत्तवाडी असं करत मुठेला मिळायचं. सगळा प्रवास दहा-बारा किलोमीटरांचा. नकाशात त्याची रेघ शोधायला भिंग लागेल, पण सहकारनगरात वाढलेल्या आमच्या पिढीला गंगा-यमुनेच्या आधी हा पाठ झाला.

आम्ही मूळचे त्याच्या काठचे नव्हे. सहकारनगरातली आमच्यासारखी कितीतरी घरं नदीकाठाहून उठून आलेली. कुणी नारायण पेठेतलं, कुणी शनिवारातलं, कुणी कसब्यातलं. १२ जुलै १९६१ च्या बुधवारी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि दुपारपर्यंत मुठा वाड्यांच्या माड्यांना लागली. आमच्या वाड्यातून जे हाती लागलं त्याची यादी आजीला तोंडपाठ होती: तांब्याचा बंब, दोन पितळी घागरी, जात्याची खालची तळी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि अण्णांच्या सायकलचा सांगाडा. बंबाला मोठा पोचा पडला होता. तो बंब पुढे वीस वर्षं तापला, कल्हईवाल्याने कितीदा विचारलं, पण आजीने पोचा कधी काढू दिला नाही. "असू दे. पाणी कुठवर आलं होतं ते त्याला ठाऊक आहे," म्हणायची.

खडकवासला गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी, आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा वाड्यांतल्या आडांवर आणि पेशवाईतल्या जुन्या हौदांवर घागरी घेऊन रांगा लावल्याचं आजी सांगे. मग काही महिने पत्र्याच्या खोल्या, मग पूरग्रस्तांची सोसायटी, आणि मग एक दिवस दाराशी हा ओढा. नदीला भ्यालेली माणसं ओढ्याकाठी येऊन राहिली.

म्हणून आजीने पहिली चौकशी केली ती शेजाऱ्यांची नव्हे, ओढ्याची. हा येतो कुठून, आणि येऊन येऊन किती येतो? एका रविवारी आजोबांना, आमच्या आबांना, घेऊन ती चालत कात्रजच्या तलावापर्यंत जाऊन आली. परतल्यावर पाय शेकत बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. पुढ्यात तांदूळ पाखडायचं सूप. "ही मागची कड म्हणजे कात्रजचा डोंगर. सिंहगडापासून भुलेश्वराकडे जी रांग जाते ना, तीच. ही एक बाजू तळजाईची टेकडी. ही दुसरी बाजू सातारा रस्त्यापलीकडचा बिबवेवाडीकडचा चढ. पुढे सूप उघडं, तिकडे मुठा." तिने मूठभर तांदूळ टाकले आणि सूप हलवलं. "दाणे कुठे येतात? पुढे. आणि पुढे कोण बसलंय? आपण."

पाणलोट हा शब्द पुढे शाळेच्या पुस्तकात भेटला. आमच्यापैकी ज्यांनी पुढे स्थापत्याच्या पदव्या घेतल्या, त्यांनाही त्या सुपापेक्षा वेगळं काही फार कळलं असं वाटत नाही. डोंगराच्या पोटात काळा कातळ, त्यावर हातभर मुरूम. मुरमात पाणी मुरतं, कातळावरून धावतं. त्यामुळे वळीव कोसळला की ओढा तासाभरात चढायचा आणि तितक्याच लगबगीने उतरायचा. घराचा नियम होता: कात्रज दिसेनासा झाला की धुणं उचला. आमच्या अंगणात लख्ख ऊन असलं तरी उचला. दक्षिणेला डोंगर पांढुरक्या पडद्याआड गेला, म्हणजे वरच्या अंगाला सुरुवात झाली. वाळवणाच्या कुरडया उचला, ओढ्यात उतरलेल्या पोरांना हाका मारा, पल्याडच्या गिरणीत दळण ठेवलं असेल तर आधी ते आणा. कात्रज दिसेनासा झाला की आमच्या गल्लीत एकच धांदल उडे. उन्हात उभे राहून पावसाची तयारी करणाऱ्या आम्हा वेड्यांकडे नवखे पाहुणे बघत राहत.

ओढा कशाकशाला लागायचा? खरं तर कशाला लागत नव्हता हे सांगणं सोपं. प्यायला नळ होता, पण नळाचं पाणी प्यायचं आणि देवाचं. बाकी सगळं 'ओढ्यावर जाऊन ये'. गोधड्या धुवायच्यात? ओढ्यावर जाऊन ये. दोन बायकांनी दोन टोकं धरून पिळायच्या आणि खडकावर वाळत टाकायच्या, संध्याकाळपर्यंत कडक. सुंभाच्या खाटेत ढेकूण झालेत? ओढ्यावर जाऊन ये, खाट बुडव, वर दगड ठेव. भांडी घासायला बारीक रेती हवी? ओढ्यावर जाऊन ये. तुळशीला माती, बेंदराच्या बैलांना चिकणमाती, हरतालिकेच्या पिंडीला वाळू, गणपतीला आघाडा आणि दूर्वा. पहिल्या पावसानंतर टाकळा, मग कुर्डू, काठाच्या ओलीत बाराही महिने अळू. दर गुरुवारी अळूचं फदफदं व्हायचं आणि आम्ही नाकं मुरडायचो. आज त्या अळूसाठी मंडईत पैसे मोजताना जीव हळहळतो.

फुटकं काही टाकायची पद्धत नव्हती. गळक्या बादलीला डाग द्यायचा. डाग दिलेलीही गळू लागली की ती ओढ्यावर जायची, कारण ओढ्यावर गळली तर कुणाचं काय जातं? अशा तीन बादल्या मागच्या दारी होत्या, तिघींची गळती आम्हाला पाठ. एक दहा पावलांत अर्धी व्हायची, एक वीस पावलांत, आणि तिसरी कडीकडून अशी कुरकुरायची की कोण पाणी आणतंय ते अख्ख्या आळीला कळे. जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकलेल्या चपला ओढ्याच्या, चांगल्या चपला शाळेच्या. छत्रीच्या काड्या मेच्या शेवटी बसवून घ्यायच्या, मग कापड विरलं की तीच छत्री ओढ्यातल्या झिऱ्यावर कचरा पडू नये म्हणून उलटी ठेवायची. हा झिरा म्हणजे वाळूत हाताने उकरलेला खड्डा. उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं की दीड वीत खाली स्वच्छ, गार पाणी झिरपायचं. १९७२ च्या दुष्काळात नळाला तासभरही पाणी येईना, तेव्हा झिऱ्यावर नंबर लागले. वाटीने भरायचं, घाई करायची नाही, गढूळ झालं तर पुढच्याचा खोळंबा. पोरांना शिस्त लागली असेल तर ती तिथे.

आबांचा जीव मात्र पेशव्यांच्या नळात. अठराव्या शतकाच्या मध्यावर, १७५० च्या आगेमागे, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला याच ओढ्यावर बंधारे घालून दोन तलाव केले. वरच्या तलावात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं, आणि तिथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत. अंतर सुमारे आठ किलोमीटर. पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. नळ इतका मोठा, की माणूस आत शिरून गाळ काढू शके. वाटेत ठरावीक अंतरावर दगडी उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट. शहरातले काळा हौद, बदामी हौद हे त्याच पाण्यावर भरायचे. पुरानंतर आजी ज्या रांगेत उभी राहिली, ते पाणीही कात्रजचंच असणार, म्हणजे ओढा आमच्या घरात आमच्याआधीच येऊन गेला होता, हा आबांचा आवडता सिद्धांत. पाहुण्यांना तो चहाआधी ऐकवला जायचा. चहानंतर सुटका नव्हतीच, कारण मग सातारा रस्त्याच्या कडेचा उच्छ्वास दाखवायला नेत.

त्यांच्याकडूनच कळलं की ओढा नेहमी या वाटेने वाहत नव्हता. जुनं पुणं दोन ओढ्यांच्या मधलं गाव. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल. तेव्हा आंबिल ओढा पर्वतीच्या पायथ्यावरून आजच्या पेठांमधून जाऊन शनिवारवाड्याच्या पश्चिम अंगाने मुठेला मिळायचा. पेठा वाढायच्या तर त्याला बाजूला करणं भाग होतं. पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे, आजच्या दत्तवाडीच्या वाटेने वळवलं, आणि तिथेच पर्वतीचं तळं झालं. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये गणपती बसला, म्हणून तो तळ्यातला गणपती. तळं पुढे गेलं. त्याच्या पोटात पेशवे पार्क आणि सारसबाग झाली, पण दर्शनाला जाताना आजी अजूनही 'तळ्यात जाऊन येते' म्हणायची.

त्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावायची. पुण्यात लहानपण घालवलेल्या कुणालाही विचारा, फुलराणीच्या बोगद्यात ओरडल्याचं तो सांगणारच. पांढरा वाघ, हत्ती, अस्वलाच्या पिंजऱ्यापुढचे शेंगदाण्याचे फोलपट. पुढे २००५ पर्यंत ते प्राणी पेशवे पार्कातून कात्रजच्या नव्या उद्यानात हलवले. आबा तोवर नव्हते. असते तर त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं असतं, की ओढ्याच्या जुन्या तळ्यातले प्राणी ओढ्याच्या उगमाकडे राहायला गेले. मग ते आम्हीच आमच्या मुलांना सांगितलं, त्यांच्याच सुरात, मान तशीच हलवत.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पुरापूर्वी खडे मुठेतून आणत. सहकारनगरात आल्यावर पहिल्या भाद्रपदात प्रश्न पडला, ओढ्यातले चालतील का? थोरल्या आत्याचं म्हणणं, नदीच हवी, लकडी पुलाशी जाऊन येऊ. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओढा नदीलाच जातो ना? मग गौर माहेरी थोडी वरून येईल, इतकंच." ठरलं. तेव्हापासून उंबराखालच्या डोहापाशी जायचं. घरातली कुमारिका पुढे, तोंडात चूळ धरलेली, म्हणजे बोलणं नाही, वळून बघणं नाही. मागे घंटा वाजवणारा भाऊ, आणि त्याचं एकच काम: तिला हसवायचं. सात खडे घ्यायचे. काळे गुळगुळीत बरेच मिळत, पण एक तरी पांढरी गारगोटी हवी असा आमच्या घरचा हट्ट. उंबरठ्यावर पाय धुवायचे, हळदीकुंकवाची पावलं, मग "गौर कशाच्या पावलांनी आली?" असं विचारत तिला घरभर फिरवायचं, कपाट दाखवायचं, धान्याचे डबे दाखवायचे, आणि हो, तो पोचा पडलेला बंबही. तिसऱ्या दिवशी खडे पुन्हा त्याच डोहात. येताना चिमूटभर वाळू आणून घराभोवती टाकायची. असे कितीतरी खडे आम्ही नेले आणि परत ठेवले असतील. तोच खडा दुसऱ्या वर्षी पुन्हा हाती आला असेल का, यावर आम्ही भावंडं रात्री अंथरुणात भांडायचो.

सुट्टीत एसटीने साताऱ्याकडे जाताना कात्रजचा जुना बोगदा यायचा. बोगद्याच्या आधी आमचं पाणी, बोगद्यानंतर त्यांचं. अलीकडे भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडीच्या बाजूला पडलेला थेंब आपल्या दाराशी येणार, पलीकडे पडलेला शिवगंगेतून, गुंजवणीतून नीरेला जाणार. बोगद्यात शिरताना आम्ही आमच्या पाण्याचा निरोप घ्यायचो, हात हलवून, खिडकीतून. मागच्या बाकावरच्या माणसांना वाटे, पोरांचं कुणीतरी स्टँडवर राहिलं.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती आम्हाला एका आषाढात कळली. आमचा ओढा मुठेला, मुठा मुळेला, मुळा-मुठा भीमेला. आणि बोगद्यापलीकडचं पाणी नीरेतून नीरा-नरसिंगपूरला भीमेलाच. म्हणजे एकाच डोंगरमाथ्यावरून पाठ फिरवून निघालेले दोन थेंब शेकडो मैलांचा वळसा घालून पुन्हा भेटतात, आणि भेटून पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाने हीच रांग ओलांडून सासवडला जाते, नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान होतं. "पालखी डोंगर चढून जाते, आपला ओढा वळसा घालून जातो. पोचतात दोघेही," आजी म्हणायची. गुडघे गेल्यावर तिची वारी बंद झाली. तेव्हापासून आषाढी एकादशीला ती मागच्या दारी जाऊन ओढ्यात तुळशीचं पान सोडायची. वाटेत उजनीचं एवढं मोठं धरण आहे, हे आम्ही तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक नव्हतं असंही नाही.

मग ओढा कधी गेला? एका दिवशी गेला असता तर आम्ही रडलो असतो. आधी गोधड्या घरी धुवायला लागलो, कारण पाण्याला वास येई. मग मुलांना 'तिकडे जाऊ नका' झालं. वरच्या अंगाला, धनकवडीत, शेतं होती तिथे इमारती आल्या, त्यांचं सांडपाणी यायला लागलं. काठाला भिंती बांधल्या गेल्या. पात्रात भराव पडला, कुठे वर स्लॅब आला. तळजाईच्या उतारावरून येणारे ओहळ गल्ल्यांखालच्या पाइपांत गेले. आम्हीही काही वेगळे नव्हतो. आम्हाला पार्किंग हवं होतं, पक्का रस्ता हवा होता, डास नको होते. मागचं दार बंद केलं आणि तिथे कपाट ठेवलं. मिठाची बरणी मात्र अजून 'ओढ्याकडच्या फळीवर'च होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. ज्याला आमची मुलं नाला म्हणत होती, तो काही तासांत भिंती पाडत, गाड्या एकमेकींवर रचत खाली आला. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल. शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली, त्यातली कितीतरी ओढ्याच्या अगदी काठावरच्या, लहान घरांतली. सुपाच्या तोंडाशी नेहमी तीच बसलेली असतात. त्या रात्री आम्ही वरच्या मजल्यावरून अंधारात तो आवाज ऐकत होतो, आणि आमच्यातल्या साठीच्या प्रत्येकाच्या मनात एकच होतं, की संध्याकाळी कात्रज दिसेनासा झाला होता का? कुणीच पाहिलं नव्हतं. समोर अकरा मजली इमारत उभी राहिल्यापासून आमच्या घरातून कात्रज दिसतच नाही.

त्यानंतर आम्ही भावंडांनी एक काम काढलं आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ओढा काढायचा, वरपासून खालपर्यंत, आम्हाला आठवतो तसा. कुठला ओहळ कुठे मिळायचा, पूर्वी पाणी कुठवर चढायचं, कुठल्या खडकावर शेवाळ असायचं, कुठे झिरा लागायचा. भाचा ते सगळं मोबाइलमधल्या नकाशावर बसवतो. तळजाईकडून येणारा मोठा ओहळ आता एका सोसायटीच्या पार्किंगखाली सापडला. तिथल्या मंडळींना आम्ही जाऊन सांगितलंही, आणि त्यांनी चहा पाजून ऐकून घेतलं. पावसाळ्यात पार्किंगात पाणी का साठतं ते त्यांना इतकी वर्षं कळत नव्हतं. उंबराखालच्या डोहाची जागा नक्की झाली. अडलंय ते पद्मावतीच्या वरच्या अंगाला. तिथे एक बारकासा ओहळ मिळायचा, काठाला वाळुंजाची झुडपं होती, यावर सगळ्यांचं एकमत. पण तो अल्याडहून यायचा की पल्याडहून? थोरली आत्या म्हणते अल्याडहून, ती तिथे कुर्डू खुडायची. धाकटी म्हणते पल्याडहून, तिची चप्पल तिथेच वाहून गेली होती आणि मार तिने खाल्ला होता. तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलेलं असेल तर सांगा. पुढच्या रविवारी दोघींना घेऊन आम्ही तिथे जाणार आहोत.